शिवदेवरावांची पाठ

“रावसाहेबांची पाठ रडायची, लाटकर. पाठ!” मोहन कोष्टी टेबलावर हात आपटून म्हणाला. “डोळ्यांनी काय, कुणीबी रडंल. पाठीनं रडून दाखवा म्हणावं.”

“वाचनालय आहे, मोहन. जरा हळू.”

“कोण वाचायलंय हितं? हे आजोबा? ते झोपल्यात.”

पेपरामागून आवाज आला, “झोपलो नाही. आणि निशिकांत चांगला होता.”

“निशिकांत! अहो, टीव्हीवर केसाच्या तेलाची जाहिरात करतोय त्यो. त्याला शिवदेवराव म्हणायचं?”

“आमच्या सुनेला आवडतो.”

“सुनेला आवडला म्हणून शिवदेवराव होतोय व्हय?”

मी रजिस्टर मिटलं. विचारावं की नाही असं मनात चाललं होतं, तोवर तोंडातून गेलंच. “आणि वामनराव?”

मोहनचा आवाज जरा उतरला. “मास्तर? मास्तर माणूस लाखाचा. पण खरं सांगू? स्टेजवर त्यांची पाठ म्हणजे शाळंतला फळा. कोरा.”

पेपरामागचे आजोबा हसले. मीही थोडा हसलो असेन.

हा वाद आमच्या इचलकरंजीत जुना होता. नाटकाचं नाव फारसं कुणी घेत नसे. सगळे त्याला ‘शिवदेवराव’च म्हणत. मूळ कादंबरी फार जुनी. घरोघरच्या फडताळात तिची एखादी फाटकी प्रत असायची. डोंगरावरच्या गढीत एकटा राहणारा, स्वतःच्याच अभिमानानं पोखरलेला शिवदेवराव. जिच्यावर जीव, त्या रेवतीलाच संशयापायी घराबाहेर काढणारा. आमच्या गावच्या नटसेवा मंडळानं त्यावर नाटक बसवलं आणि पुढं कितीतरी वर्षं ते करत राहिलं. आधी रावसाहेब मगदूम शिवदेवराव झाले, मग वामनराव हुपरीकर, मग निशिकांत बुगड. रेवती मात्र तिघांपुढं एकच, वामनरावांच्या पत्नी शरयूताई.

तिसऱ्या अंकात निरोपाचा प्रवेश होता. दिग्दर्शक नानांनी तो असा बसवला होता की शिवदेवराव लोकांकडे पाठ करून उभा राहायचा, तो प्रवेश संपेपर्यंत. बोलायची ती रेवतीच. शेवटी तो एवढंच म्हणायचा, “जा. मागं बघू नका.” नानांनी हे पदरचं घातलं नव्हतं. कादंबरीतच लिहिलं आहे की त्या संध्याकाळी शिवदेवरावाचा चेहरा रेवतीखेरीज कुणी पाहिला नाही. त्यामुळे आम्ही जे पाहिलं ते एवढंच: एक पाठ, आणि तिच्या पलीकडे, दिव्याच्या उजेडात, शरयूताईंचा चेहरा.

रावसाहेबांच्या वेळी त्या प्रवेशाला बायका पदर तोंडात धरून रडत. वामनरावांच्या वेळी लोक चुळबुळ करत, कुणी खोकत. थोड्याच प्रयोगांनंतर वामनरावांनी काम सोडलं आणि पुन्हा कधी तोंडाला रंग लावला नाही. लोकांच्या बोलण्याला कंटाळून सोडलं, असं सगळे म्हणत. मीही तेच धरून चाललो होतो.

“तर आता असं करा,” मोहन म्हणाला. मंडळाचा सुवर्णमहोत्सव होता आणि स्मरणिका त्याच्याकडं होती. “‘तीन शिवदेवराव’ म्हणून लेख लिहा. तिघांची तुलना. तुम्ही कादंबरी कोळून प्यालाय, नाटक तिघांचं बघितलंय. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?”

“अरे, मला कुठं लिहिता येतंय? सोसायटीची नोटीस लिहायची तर तीनदा फाडतो मी.”

“चौथ्यांदा बरी हुत्या न्हवं? आणि शरयूताईंना भेटा. तिघांच्यापुढं त्याच उभ्या हुत्या. त्यांनी एकदा सांगितलं की गावाचा वाद मिटला.” मग दाराशी जाऊन तो परत फिरला. “पण जपून हं. मास्तरांच्या अंगावरनं वारं गेलंय. उजवी बाजू गेली. बोलणंबी तुटक झालंय. त्यांच्यासमोर रावसाहेबांचं फार कौतुक काढू नका.”

जाऊ की नको, यात माझा आठवडा गेला. शेवटी एका दुपारी गेलो.

हुपरीकरांचं घर तीनबत्तीच्या मागं, यंत्रमागांच्या कारखान्याला अगदी लागून होतं. मधे एकच भिंत. सोळा-वीस माग एका वेळी चालले की त्या भिंतीवरचं कॅलेंडरही थरथरायचं. आम्हा गावकऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. त्या खडखडाटातच बोलायची सवय असल्यानं आमची माणसं परगावी गेली की भांडायला आलीत असं लोकांना वाटतं, एवढंच.

दार शरयूताईंनीच उघडलं. सत्तरीला आल्या होत्या, तरी मान तशीच ताठ.

“या, लाटकर! मोहन म्हणाला होता, चार दिवसांपूर्वीच येणार म्हणून.”

“जरा... कामात होतो.”

“असू दे. आधी आत चला, ह्यांना भेटून घ्या. नंतर गोळीनं झोप लागते त्यांना.”

आतल्या खोलीत वामनराव पलंगावर उशांना टेकून बसले होते. एके काळी हेच आम्हाला रेषा सरळ कशी काढायची ते शिकवायचे. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती. मला पाहून डावा डोळा हसला.

“पुस्तक?” ते म्हणाले.

“आज नाही आणलं, सर. पुढच्या वेळी आणतो.”

त्यांनी मान हलवली. जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग ओठ जुळवत, एकेक शब्द ढकलत म्हणाले, “कोण... चांगला?”

शरयूताई पांघरूण सारखं करत होत्या. त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या, “झालं सुरू. अहो, ते बसायला आलेत, परीक्षक म्हणून नाही.”

वामनरावांनी नजर माझ्यावरून काढून बायकोवर ठेवली. “कोण?”

“गोळी घ्या आता.”

त्यांनी तोंड उघडलं, गोळी घेतली, पाणी प्याले. नजर मात्र तिथंच होती.

आम्ही बाहेरच्या खोलीत आलो. मधे दार नव्हतं, पडदाच. शरयूताईंनी चहा आणला आणि समोर बसल्या. भिंतीपलीकडं माग चालू होते, त्यामुळे त्या चांगल्या खड्या आवाजात बोलत होत्या, मीही.

“नाटक सोडल्यापासून विचारतात,” त्या म्हणाल्या. “पूर्वी वर्षाकाठी एकदा. दिवाळीला म्हणा, नाहीतर कुणी जुनं माणूस येऊन गेलं की. हसत हसत. ‘तिघांत चांगला कोण गं?’ आता दिवसातून दहादा. सकाळचं दुपारी आठवत नाही त्यांना. जेवलो की नाही ते आठवत नाही. हे तेवढं आठवतं.”

“मग तुम्ही काय सांगता?”

“चहा देते.”

मी कप उचलला. फार गरम होता, तरी एक घोट घेतला.

“लाटकर, तुम्ही लिहाल ते मला त्यांना वाचून दाखवावं लागणार. ते मागणारच. गावानं एकदा सांगून झालंय त्यांना. आता परत छापून नका सांगू.”

“मी तसं काही लिहिणार नाही.”

“मग काय लिहिणार?”

खरं तर मलाही ते ठाऊक नव्हतं. मी कागद काढला. “तुम्ही तिघांविषयी थोडं थोडं सांगितलंत, तर...”

“तिघंही छान होते. लिहा.”

मी लिहिलं. वाट पाहिली. मग मी, काहीतरी बोलायचं म्हणून, मनात घोळवून ठेवलेलं वाक्य वाचून दाखवलं. “सुरुवात अशी करावी म्हणतो. ‘निरोपाच्या प्रवेशात रावसाहेबांच्या चेहऱ्यावर जी वेदना उमटत असेल, तिची कल्पना त्यांच्या थरथरत्या पाठीवरूनच...’”

शरयूताई एकदम हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या.

“काय झालं?”

“चेहऱ्यावर? तुम्ही बघितलाय का कुणी त्यांचा चेहरा?”

“नाही, म्हणूनच...”

“सुपारी असायची तोंडात. ह्या गालातून त्या गालात. मी इकडं ‘माझा अपराध तरी सांगा’ म्हणत्येय आणि हे भुवई उडवून मला खुणेनं विचारतायत, मागच्या खुर्च्या भरल्यात का?”

“पण ताई, पाठ हलायची त्यांची. आम्ही पाहिलंय. खांदे असे...”

“खोकला दाबायचे हो! स्वतःचे बारा माग. जन्म गेला कापसाच्या धुळीत. स्टेजवर सगळं शांत, खोकायची सोय नाही. मग तसाच गिळायचे. खांदे हलणार नाहीत तर काय होणार?”

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. इतक्या जणांनी इतकी वर्षं ज्या पाठीसाठी डोळे पुसले होते, ती खोकला दाबत होती.

“माणूस वाईट नव्हता,” त्या म्हणाल्या. “प्रयोग संपला की सगळ्यांना भजी. पण त्यांच्या चेहऱ्यावर बघण्यासारखं काही नसायचं. मग मी त्यांच्या कानाकडं बघायचे. डाव्या कानाकडं.”

“आणि निशिकांत?”

“त्याचा चेहरा तुम्ही सगळ्यांनी बघितलाच की! त्याला पाठ करून उभं राहवायचंच नाही. माझी दोन वाक्यं झाली की असा तिरका, आणखी दोन झाली की पुरता लोकांकडं. मी त्याला म्हटलं, अरे, मी इकडं आहे. तर म्हणतो कसा, ‘काकू, फोटोग्राफर तिकडं आहे.’”

आता त्या मोकळ्या झाल्या होत्या. माझा कागद मांडीवर तसाच पडला होता. पडद्याकडं एकदा पाहून मी विचारलं, “आणि सर?”

त्यांनी दोघांचे कप एकात एक ठेवले. परत वेगळे केले.

“ह्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं,” त्या म्हणाल्या.

मला नीट ऐकू आलं नाही. पलीकडं माग जोरात होते. मी कानाला हात लावला तशा त्या पुढं सरकल्या आणि मोठ्यानं बोलू लागल्या.

“डोळ्यांत पाणी असायचं म्हणत्ये! दर प्रयोगाला. आणि नुसतं पाणी नव्हे. असं बघायचे माझ्याकडं... मी खरंच निघाल्ये आणि परत येणार नाही, असं. तुम्ही सांगता ना ते पुस्तकातलं, की तो चेहरा कुणी पाहिला नाही? मी पाहिलाय. आमच्या लग्नाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. घरात कधी इतकं बघितलं नव्हतं ह्यांनी माझ्याकडं. मास्तर माणूस. घरात डबा, शाळा, वह्या. आणि तिथं उभं राहून...”

“मग तर प्रवेश रंगायला हवा होता.”

“कसा रंगेल? मला रडू यायचं नाही. समोरचं माणूस खरंच रडत असताना तुम्ही रडाल का? तुम्ही त्याचे डोळे पुसायला जाल. मला वाटायचं, हे थांबले पाहिजेत, आवाज बसेल, ते शेवटचं वाक्य कसं म्हणतील, शाळेतली पोरं बसलीत समोर, त्यांना कळेल. ह्यांच्याच काळजीत असायचे मी. वाक्यं तोंडातून जायची, पण चेहरा... नाना म्हणाले मला एकदा, ‘शरयू, भाजी निवडायला बसल्यासारखी उभी राहतेस.’ आणि लोकांना काय दिसणार? एक पाठ आणि एक कोरी बाई. पाठ तर कुणाचीही पाठच! पलीकडच्या बाईच्या तोंडाकडं बघूनच तुम्ही ठरवणार ना, पुरुष कसा आहे ते? रावसाहेबांपुढं मी रडायचे, म्हणून रावसाहेब मोठे झाले.”

“हे तुम्ही सरांना कधी सांगितलं नाहीत?”

“काय सांगू?” आता त्या जवळजवळ ओरडत होत्या, नेहमी कारखान्याशेजारी बोलतात तशा. “नुसतं ‘तुम्ही चांगले’ म्हटलं, तर म्हणतील बायको आहे, म्हणणारच. मग विचारतील, चांगला होतो तर लोक का कंटाळले? मग काय सांगू? तुम्हाला काय वाटतं, लोकांनी पाडलं ह्यांना? त्यांनी नाटक सोडलं, रंगाची पेटी माळ्यावर टाकली, ते कुणामुळं?”

आणि त्याच क्षणी लाईट गेली.

त्या दिवसांत ती कधीही जायची. भिंतीपलीकडचे सगळे माग एका झटक्यात थांबले. अशा वेळी कानात दडा बसल्यासारखी शांतता येते. पण शरयूताईंचा आवाज त्याच पट्टीत पुढं गेला, थांबवायला वेळच मिळाला नाही.

“ह्यांच्यासारखा शिवदेवराव कुणी केला नाही, आणि मीच तो पाडला!”

घरभर ते ऐकू गेलं असेल. त्या तोंडावर हात ठेवून बसल्या.

आतून पलंग करकरला.

“शरयू.”

त्या उठल्या नाहीत. परत हाक आली. उठल्या, पडद्यापाशी गेल्या आणि माझ्याकडं वळून हलकेच म्हणाल्या, “तुम्ही चला बरोबर. एकटीला नाही जमायचं मला.”

मी पायांत चपला सरकवायला निघालो होतो, तसाच मागं फिरलो. पडद्याशी उभा राहिलो.

वामनराव टक्क जागे होते.

“काय... म्हणालीस?”

“काही नाही. लाईट गेली.”

“म्हण.”

त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. लोखंडी दांडी धरून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, पण आता हळू आवाजात आणि फार थोडक्यात. तुम्ही रडत होता, मला ते बघवत नव्हतं, माझे डोळे कोरडे राहायचे, लोकांना तेच दिसायचं. रावसाहेबांची सुपारीही सांगितली. सांगून झाल्यावर म्हणाल्या, “चुकले मी. सांगायला पाहिजे होतं.”

वामनरावांना सगळं समजलं असेल का, असं मला वाटू लागलं. मग त्यांनी डावा हात उचलला आणि पडद्याच्या कडेला, मी उभा होतो तिकडं बोट दाखवलं.

“विंगेत,” ते म्हणाले. “मी... विंगेत.”

“हो, प्रॉम्प्टिंगला असायचात तुम्ही. रावसाहेबांच्या वेळी. पुस्तक घेऊन.”

“बघायचो.” श्वास घेतला. “रावसाहेबांपुढं... रडायचीस.”

“अहो, तेच तर...”

“माझ्यापुढं... नाही.”

शरयूताई त्यांच्याकडं बघत राहिल्या.

“मला वाटलं...” वामनराव म्हणाले आणि थांबले. शब्द सापडत नव्हता म्हणून थांबले की सापडला म्हणून, ते मला कळलं नाही. त्यांनी मान भिंतीकडं वळवली.

शरयूताईंना मात्र कळलं. दांडीवरचा त्यांचा हात सुटला. त्या पलंगावर, त्यांच्या पायांपाशी बसल्या.

“रावसाहेबांवर?” त्या म्हणाल्या. “माझं मन... रावसाहेबांवर?”

वामनराव भिंतीकडंच बघत होते.

“म्हणून विचारत होता? इतकी वर्षं? ‘चांगला कोण’ म्हणजे हे होतं?”

वामनरावांनी डोळे मिटले.

“अहो, नाटक उभं राहिलं त्याच साली आई गेली होती माझी! निपाणीला. तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला आणायला माणूस पाठवलं. आठवतंय तुम्हाला? दिवेलागणीला डोळ्यांत पाणी दिसलं तर म्हणायच्या, घरात अवदसा आणू नकोस. रडायचं कुठं मी? मोरीत? त्या माणसाच्या कानाकडं बघून मी आईसाठी रडून घ्यायचे. तेवढीच जागा होती मला. आणि तुम्ही तिथं पुस्तक धरून उभे राहून...” त्या त्यांच्याकडं वळल्या. “विचारायचंत की!”

“विचारलं.”

“‘चांगला कोण’ असं विचारलंत तुम्ही! मला वाटलं, नाटकाचं विचारताय.”

वामनरावांनी हलकेच मान हलवली. ‘हो, नाटकाचंच’ असं म्हणायचं होतं की ‘नाही’ असं, ते मी सांगू शकत नाही.

“आणि काम सोडलंत ते लोकांच्या बोलण्यानं नाही?”

मान पुन्हा हलली. ही ‘नाही’ होती. चालता हात त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवला आणि मग बायकोच्या चेहऱ्याकडं दाखवला. दर प्रयोगाला रंग लावून त्या कोरड्या चेहऱ्यासमोर उभं राहवत नव्हतं, एवढं त्या हातातून मलासुद्धा समजलं.

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत गेलं. शरयूताईंनी ते पदरानं टिपलं. दुसऱ्या डोळ्यातूनही आलं, तेही टिपलं. मी त्या खोलीत आहे, हे दोघांनाही आठवत नसावं. मी मागच्या मागं सरकलो, टेबलावरचा कागद घेतला आणि बाहेर पडलो. कोपऱ्यावर पोचलो तेव्हा लाईट आली आणि गल्लीभर माग परत सुरू झाले.

लेख मी लिहिला. पुष्कळदा फाडून लिहिला. कादंबरीविषयी लिहिलं, नानांविषयी लिहिलं, तिघांचे आवाज, चाल, फेटे यांच्याविषयी लिहिलं. निरोपाच्या प्रवेशाविषयी एक ओळही लिहिली नाही.

“अहो लाटकर,” मोहन म्हणाला, “लग्नाला बोलावलं आणि अक्षता टाकायला विसरलाय. निकाल कुठाय? शरयूताई काय म्हणाल्या?”

“तिघंही छान होते म्हणाल्या.”

“तुम्हाला पाठवून काय उपयोग झाला नाही बघा,” असं म्हणून त्यानं तो तसाच छापला.

स्मरणिका निघाल्यावर एक प्रत द्यायला मी हुपरीकरांकडं गेलो. मधे दोन महिने गेले असतील. जाताना वाटत होतं, आता त्या घरात निराळं काही दिसेल. वामनराव जरा सावरले असतील. इतक्या वर्षांचा काटा निघाला म्हटल्यावर माणसाला बरं वाटत असणार.

ते झोपले होते. शरयूताई बारीक झाल्या होत्या. अंक हातात घेऊन त्यांनी फोटो पाहिले, माझा लेख उघडला, मिटला.

“सर कसे आहेत?”

“तुम्ही गेलात ना त्या दिवशी,” त्या म्हणाल्या, “त्यानंतर संध्याकाळभर माझा हात धरून होते. सोडेनात. मी म्हटलं, चला, मिटलं एकदाचं. सकाळी उठले, तोंड धुतलं, चहा घेतला आणि म्हणाले, ‘कोण चांगला?’”

मी पडद्याकडं पाहिलं.

“पुसून गेलं होतं सगळं. तुम्ही आलेलंसुद्धा आठवत नव्हतं. मग मी परत सांगितलं. पहिल्यापासून. रावसाहेब, सुपारी, आई, सगळं. परत रडले. परत ‘विंगेत’ म्हणाले, परत ‘मला वाटलं’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत. रोज त्यांना नव्यानं कळायचं, लाटकर. आणि रोज नव्यानं वाटायचं, की सगळं आयुष्य असं उगाच गेलं. मी सांगायचे आणि डोळ्यांसमोर त्यांचा चेहरा मोडत जायचा. रोज.”

पलीकडं माग चालू होते. पण त्या हळूच बोलत होत्या. मी पुढं वाकून ऐकत होतो.

“मग?”

“मग एक दिवस गॅसवर दूध होतं. त्यांनी आतून विचारलं, ‘कोण?’ दूध वर आलेलं, मला सोडून जाता येईना. मी तिथूनच ओरडून सांगितलं, ‘तुम्ही! तुम्हीच!’ आणि दूध उतरवून घाईघाईनं आत गेले, म्हटलं आता बाकीचं सांगायचं. तर झोपले होते.”

त्यांनी अंकाची पानं उगाच सारखी केली.

“शांत झोपले होते. लहान मूल झोपतं तसे. तेव्हापासून तेवढंच सांगते. विचारलं की ‘तुम्ही’. त्यांना पुरतं. एकदाही पुढं काही विचारलेलं नाही.”

“बरं झालं,” मी म्हणालो.

“हो. बरं झालं.” त्या पडद्याकडं बघत होत्या. “मला आपलं वाटायचं, ‘तुम्ही’ म्हटलं की कारण द्यावं लागेल. त्या भीतीनं जन्मभर चहा देत बसले. त्यांनी कारण कधी मागितलंच नव्हतं हो.”